भामाक्का आणि बंदरातला डबा

पितृपक्षात आमच्याकडे कुणी सुईसुद्धा विकत घेत नाही. कापडाची दुकानं ओस पडतात, भांडेवाले गल्ल्यावर डोकं टेकून झोपतात, सोयरीक जुळवणारे घरी बसतात. भामाक्का मात्र नेमक्या त्याच पंधरवड्यात काहीतरी नवं घ्यायच्या. एका वर्षी चपला, एका वर्षी टॉर्च, हातात पैसे नव्हते त्या वर्षी स्टीलचा एक चमचा. घेतलेली वस्तू ऑफिसात आणून आवक नोंदवहीशेजारी ठेवायच्या, आणि ती दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यावर यायची. नवा शिपाई एकदा न राहवून म्हणाला, "अक्का, पाडव्याला घ्यायचं की वो. पितरं कोपतेत." अक्का म्हणाल्या, "माजा आन पितरांचा हिशेब येगळा हाय बाबा," आणि टपाल फोडायला लागल्या.

तो हिशेब मला माहीत होता, कारण तो चुकवण्यात माझाही हात होता.

मी त्या वेळी तेलगावच्या पुढं, धारूरच्या वाटेवर असलेल्या आमच्या तालुका दूध संघात सचिव होतो. सचिव म्हणजे चेअरमन बोलतील ते मराठीत लिहायचं आणि खाली सही करायची. सत्यभामा नागरगोजे आवक-जावक लिपिक होत्या. सगळा संघ त्यांना भामाक्का म्हणायचा, वयानं मोठी माणसंसुद्धा. उंच, काटक बाई. खुर्चीवर मांडी घालून बसायच्या. डाव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर ऊस तोडताना कोयत्यानं गेलेलं. कागद वाचताना तेच थोटं बोट ओळीखालून सरकवायच्या, आणि ते जिथं थांबलं तिथं आमची काहीतरी चूक असायची, हे आम्हाला अनुभवानं कळलं होतं.

बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी टोळीबरोबर ऊस तोडला. वडील टोळीतच गाडीवान. दहावी बाहेरून बसून केली. संघात आल्या त्या दुधाचे कॅन धुवायला. संघाचे संस्थापक तात्या एकदा सकाळी उभे होते, तर ही बाई कॅन मोजता मोजता कोणत्या गावचा कॅन किती वाजता आला ते तोंडानं सांगत होती. तात्यांनी तिला हात पुसायला लावले आणि नोंदवहीपुढं बसवलं. याउपर त्यांचं चरित्र मला माहीत नाही. नवऱ्याबद्दल त्या बोलत नसत, आम्ही विचारत नसू.

त्यांची नोंदवही बघण्यासारखी होती. कागद आला की सगळे तारीख टाकतात. अक्का तारखेपुढं वेळ टाकायच्या. "सकाळी ११ वाजून १० मिनिटं, पोस्टमन घाईत." असला शेरासुद्धा असायचा. मी एकदा चेष्टेत म्हणालो, "अक्का, पोस्टमनची घाई कशाला लिहिता?" तर म्हणाल्या, "उद्या तो म्हनला की मी सही घेतली, तर? घाईत सही न्हाई घेत मानूस."

आणि त्यांचा एक प्रश्न होता. जगातल्या कुठल्याही गोष्टीला तो लागू पडायचा. "कवापसून? आन कवापत्तर?" लाइट गेली, कवापसून? मला ताप आला, कवापसून? चेअरमन साहेब रागावलेत असं कुणी कुजबुजलं, की अक्का मान वर न करता विचारायच्या, "कवापसून?" त्यांच्या लेखी प्रत्येक गोष्टीला दोन टोकं असायलाच पाहिजेत, आणि ज्याला ती सांगता येत नाहीत त्याला गोष्टच माहीत नाही.

एकदा परळीच्या बाजूनं येणारा आमचा टँकर उशिरा आला आणि दूध फाटलं. ड्रायव्हर म्हणाला, रेल्वेचं फाटक बंद होतं, कोळशाची गाडी अडकली होती. संचालकांना वाटलं, गडी ढाब्यावर झोपला. पगार कापायचा ठराव माझ्या हातून लिहून झाला. अक्कांनी ड्रायव्हरला बोलावलं. "कवापसून कवापत्तर?" तो म्हणाला, सात ते नऊ. अक्का दुसऱ्या दिवशी रजा टाकून परळीला गेल्या, फाटकवाल्याला भेटल्या, त्याच्या वहीतली वेळ उतरवून आणली. सात वाजून पाच ते आठ पन्नास. ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सायेब, खोडा." मी ठराव खोडला. ड्रायव्हरला त्यांनी पंधरा मिनिटं जास्त सांगितल्याबद्दल वेगळं झापलं.

तर दुष्काळाचं ते वर्ष. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. नदीला पाणी नाही, विहिरी तळाला. पिकाची आशा श्रावणातच संपली होती. दारात म्हैस होती त्या घरात दुधाचे चार पैसे येत होते, बाकी सगळा आनंद. त्यात श्रावणाच्या शेवटी संघाचं दूध थंड करायचं यंत्र बंद पडलं, ते कायमचंच. सकाळचं दूध आम्ही तसंच टँकरनं पुढं पाठवायचो. संध्याकाळचं दूध मात्र रात्रभर थंड ठेवायला जागा नाही, म्हणून घेणं बंद केलं. म्हणजे प्रत्येक घराची अर्धी कमाई गेली.

याचा अर्थ माझ्यापेक्षा अक्कांना जास्त कळला. त्यांच्या वस्तीवरची सगळी घरं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की मुकादम ट्रक घेऊन यायचा आणि नवरा-बायको, पोरं, कोंबड्या, भांडीकुंडी भरून सहा महिन्यांसाठी लांबच्या कारखान्यावर न्यायचा. आदल्या वर्षी अक्कांनी त्यातल्या अकरा घरांच्या बायकांना संघाकडून म्हशी घेऊन दिल्या होत्या. घराघरांत जाऊन त्यांनी सांगितलं होतं की दोन्ही वेळचं दूध घाला, ऊस तोडायला जायची गरज पडणार नाही, पोरी शाळेत राहतील. पारू ढाकणे नावाची त्यांची मैत्रीण पहिली तयार झाली. दोघी लहानपणी एकाच कोपीत, ऊसतोडीच्या पाचटाच्या झोपडीत, राहिलेल्या, एकाच गाडीवर मोळ्या चढवलेल्या. अकरा घरं अक्कांच्या शब्दावर थांबली होती, आणि तो शब्द संध्याकाळच्या दुधावर उभा होता.

संघानं नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. नवं म्हणजे आमच्यासाठी नवं. परदेशातली एक डेअरी बंद पडली होती, तिचं यंत्र एका व्यापाऱ्यानं स्वस्तात जमवून दिलं. ते कंटेनरमधून, म्हणजे भाड्याच्या लोखंडी डब्यातून, जहाजानं मुंबईच्या बंदरावर आलं. बंदरावरून माल सोडवून देणाऱ्या एजंटचा फोन आला त्या दिवशी भाद्रपदाची पौर्णिमा होती, आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष.

चेअरमन भाऊसाहेब म्हणजे तात्यांचा मुलगा. वाईट माणूस नव्हे. पण बापाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जो एक धाक असतो तो त्यांना होता. त्यांनी बैठकीत सांगितलं, "पितृपक्षात नवी वस्तू दारात आणायची न्हाई. माल सोडवायची कागदंबी आत्ता लावू नका. घटस्थापनेला कागदं लावू, दसऱ्याला वाजतगाजत मशीन आनू." संचालकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. यंत्र बंदरात सुखरूप आहे, पंधरा दिवसांनी काय बिघडतं, असं मला खरोखर वाटलं.

अक्का दारात टपाल घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, त्या डब्याला भाडं हाय का?"

"कसलं भाडं अक्का? आपलाच माल हाय."

"माल आपला. डबा कुनाचा? जागा कुनाची?"

भाऊसाहेब हसले. "आता तुमी बंदराचं बी सांगनार का?" सगळे हसले. अक्कांनी टपाल टेबलावर ठेवलं आणि गेल्या. मागाहून मी त्यांची नोंदवही पाहिली. त्या पानाच्या समासात पेन्सिलीची एक उभी रेघ होती. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. टोळीत असताना कोपीच्या कुडावर कोळशानं असेच दिवस मांडत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

पंधरा रेघा झाल्या, घटस्थापना आली आणि आम्ही कागद पाठवले. तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. तो भराभर बोलत होता. होल्ड लागलाय, फ्री डेज संपले, डेमरेज चालू, डिटेन्शन चालू, पुढच्या आठवड्यात स्लॅब बदलेल. मी "हो, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की मला एक अक्षरही कळलेलं नाही. बी.कॉम.ची पदवी माझ्या डोक्यामागं भिंतीवर टांगलेली होती. अक्कांनी मला पाणी दिलं आणि कागदावर लिहिलेले शब्द एकेक विचारून घेतले. मग परत फोन लावायला लावला आणि स्वतः बोलल्या. पाऊण तास लागला. फोन ठेवून त्यांनी मला समजावलं ते असं.

"कारखाना आमाला ऊस वाहायला टायरगाडी देतो ना सायेब? गाडी आमची न्हाई, कारखान्याची. तिला दिवसाचं भाडं. समजा गाडी भरून नेली आन यार्डात नंबरच लागंना. गाडी उभी. आता त्या यार्डाचा मालक दुसराच हाय आन तोबी भाडं मागतो, असं धरा. मंग एक भाडं जागंचं, एक गाडीचं. दोन मालक, दोन मीटर. पयले काई दिवस दोगंबी फुकट देतेत. ते दिवस आपन पितरांना घातले."

"आणि होल्ड?"

"होल्ड म्हंजे फाटकावर आडवी लावल्याली बल्ली. ती सरकारनं लावली. ती निगंपत्तर जागंचं मीटर थांबत न्हाई. आन डब्याचं मीटर तर रिकामा डबा त्याच्या मालकाला परत देईपत्तर चालूच. दर बी सारखा ऱ्हात न्हाई. जेवढा उशीर तेवढा चढतो."

मला पहिल्यांदा समजलं. मी विचारलं, बल्ली कशामुळं लागली? तेव्हा अक्कांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत संघाला कैलासवासी तात्यांचं नाव द्यायचा ठराव झाला होता. टाळ्या वाजल्या, पाटी रंगली, शिक्के झाले, लेटरहेड छापलं. पण सहकार खात्याची मंजुरी यायची होती. खात्यानं प्रस्ताव त्रुटी काढून परत पाठवला, तो भाऊसाहेबांच्या खणात गेला आणि तिथंच राहिला. अक्कांच्या वहीत त्याची नोंद होती, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. व्यापाऱ्यानं आयातीचा परवाना काढला तो नोंदणी प्रमाणपत्र बघून, जुन्या नावानं. यंत्राची ऑर्डर गेली आमच्या लेटरहेडवरून, नव्या नावानं. बंदरावरच्या साहेबानं विचारलं, माल एकाचा आणि परवाना दुसऱ्याचा, हे कसं? त्याचं काही चुकलं नव्हतं. कागद पहिल्या दिवशी लावले असते तर हेच फुकटच्या दिवसांत कळलं असतं.

मी आणि अक्का मुंबईला गेलो. एजंटच्या ऑफिसात पंखा गरगरत होता आणि भिंतीला फायली लागल्या होत्या. अक्का खुर्चीवर मांडी घालून बसल्या. एजंटनं एक बिल पुढं केलं. त्यावर सगळे मिळून एकच आकडा होता. मी तो दोनदा वाचला. अक्का म्हणाल्या, "असं मोगम न्हाई. जागंचं येगळं लिवा, डब्याचं येगळं लिवा. आन कवापसून ते लिवा."

एजंटनं दोन रकाने पाडले. थोटं बोट तारखेवर थांबलं.

"ही तारीख कशाची?"

"जहाज आलं त्या दिवसाची, मॅडम."

"जहाज आलं म्हंजे पान्यात उभं ऱ्हायलं. डबा खाली कवा उतरला?"

एजंटनं कागद चाळले. डबा तीन दिवसांनी उतरला होता. "इथं बरेच जण ढोबळमानानं असंच धरतात," तो म्हणाला. अक्का म्हणाल्या, "ढोबळ आमच्याकडं चालत न्हाई, आमी दूध मोजतो." तीन दिवस दोन्ही रकान्यांतून वजा झाले. एजंट सरळ होऊन बसला आणि चहा मागवला.

मग त्यांनी विचारलं, "डबा मोकळा करता येत न्हाई का? माल हितंच, सरकारच्याच कुलपात ठिवायचा. डबा तेवढा मालकाला परत."

"येतं की. अर्ज करावा लागतो. गोदामाचं भाडं पडतं, पण ते यार्डापेक्षा पुष्कळ कमी."

"मंग कावून न्हाई सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही, मॅडम."

हे अक्कांना कसं सुचलं, ते परतीच्या वाटेवर कळलं. कारखाना दोन दिवस बंद पडला की त्यांचे वडील भरलेला ऊस बांधावर उतरवून रिकामी टायरगाडी परत करून यायचे. बाकीचे गाडीवान गाड्या भरलेल्याच उभ्या ठेवायचे आणि भाडं भरायचे. एजंटनं आणखी एक वाट सुचवली होती. नावाची चूक विकणाऱ्याच्या माथी मारा, तसं पत्र द्या, मी बघतो पुढचं. मला ती वाट लगेच पटली. अक्का म्हणाल्या, "त्याच्याजवळ आपलं लेटरहेड हाय. त्यानं ते दाखिवलं की दुसरी बल्ली. चूक आपली हाय, तर आपली म्हनून लिवू."

दोन दिवसांनी आमच्या समोर डबा मोकळा झाला. लाकडी खोके गोदामात गेले, त्यांना सील लागलं. रिकाम्या डब्याच्या परतीची पावती अक्कांनी हातात घेतली, तिच्यावर वेळ नव्हती, म्हणून तिथल्या कारकुनाकडून लिहून घेतली. परत आल्यावर ऑफिसातल्या सगळ्यांनी विचारलं, अक्का, समुद्र कसा होता? अक्का म्हणाल्या, "समुद्र बघायला कोन गेलतं? डबा बघायला गेलतो."

एक मीटर थांबलं. दुसरं बारीक झालं. बल्ली तशीच होती. सहकार खात्याच्या साहेबांनी सांगितलं, नव्या नावाला मंजुरी मिळायला महिने लागतील. पण चेअरमननी लिहून द्यावं की नवं नाव मंजुरीशिवाय वापरलं, संघ आजही जुन्याच नावाचा आहे, म्हणजे मी तसा दाखला देतो, बंदरावर तो चालेल.

दसरा झाला होता. भाऊसाहेब तात्यांच्या फोटोखाली बसले होते. फोटोला दसऱ्याचा हार होता, वाळलेला. मी पत्राचा मसुदा पुढं ठेवला. त्यांनी वाचला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागं सरलो.

"माज्या बापाचं नाव मी माज्या हातानं खोडू?" त्यांनी मसुदा भिरकावला. "कुनी लिवलं हे? शिंदे, तुमी?"

मसुदा मी लिहिला होता. मी खाली पडलेल्या कागदाकडं बघत राहिलो. अक्कांनी कागद जमिनीवरून उचलला, झटकला, परत टेबलावर ठेवला.

"मी सांगितलं त्यास्नी लिवायला. खोडायचं न्हाई सायेब. ते अजून लागलंच न्हाई. तुमच्या खनात हाय."

मला वाटलं, अक्कांची नोकरी गेली. त्यांनाही तसं वाटलं असणार, कारण कमरेचा कपाटाच्या चाव्यांचा जुडगा त्यांनी काढून हातात धरला होता.

"तात्यांनी मला कॅन धुताना बगितलं," त्या म्हणाल्या. "ते असते तर पाटी बगितली नसती. इचारलं असतं, भामे, संध्याकाळचं दूध कवापसून बंद हाय?"

भाऊसाहेबांनी वर तात्यांच्या फोटोकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कवापसून बंद हाय?"

"बावन्न दिस झाले."

त्यांनी खण ओढला, त्रुटीचा तो जुना कागद काढून अक्कांकडे दिला आणि पत्रावर सही केली. सही करताना त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं. स्वतःबद्दलचंही बदललं, पण ते खाली गेलं.

दाखला निघाला, मुंबईला गेला, बल्ली निघाली. पण तोवर दिवाळी आली. सुट्ट्या लागल्या. यंत्र घेऊन ट्रक निघाला तो भाऊबीजेला. इकडं अक्कांनी नवरात्रातच यंत्रासाठी सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता, फिटर ठरवून ठेवला होता. फिटर म्हणाला, बसवायला चार दिवस लागतील.

आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू मुकादमाचा ट्रक वस्तीवर उभा राहिला. संध्याकाळचं दूध बंद होतं त्या काळात अकराही घरांनी त्याच्याकडून थोडी थोडी उचल घेतली होती, हंगामाचा आगाऊ पैसा. घेतील नाही तर काय करतील. अक्का मला बरोबर घेऊन गेल्या. सचिव बरोबर असला की जरा वजन पडतं, एवढाच माझा उपयोग होता.

पारूचं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढलं होतं. ती खाली उभी होती, नातू कडेवर. अक्का तिच्याजवळ गेल्या. "पारे, मशीन आज येतंय. चार दिस थांब."

"कशावर थांबू?" पारू म्हणाली. "म्हस इकली दसऱ्याला. उचल सासऱ्याच्या दवाखान्यात गेली. परत कुठून देऊ? तू म्हनली व्हतीस दसऱ्याला मशीन येतंय."

तशी तीन घरं होती, उचल खर्चून बसलेली. बाकी आठ घरांनी पैसे गाठीला बांधून ठेवले होते, पण आज गेलो नाही तर मुकादम दिवसाचा खाडा लावणार, म्हणजे गैरहजेरीची कपात, याची त्यांना धास्ती होती. ती कपात उचलीवर चढत जाते आणि हंगाम संपला तरी फिटत नाही. अक्का दगडूकडे वळल्या.

"मुकादम, ही आठ घरं आज येत न्हाईत. पाचव्या दिशी सांजच्याला दूध घेतलं तर तुजी उचल तुला परत. न्हाई घेतलं तर मी सोता एस्टीत बसवून धाडते. मदल्या चार दिसांचा खाडा माज्या नावावर मांड."

"आक्का, आठ कोयते म्हंजे सोळा मानसं, चार दिस. लई व्हतंय."

"किती व्हतंय ते मला येतंय. पयल्या दिसाचा दर शेवटच्या दिसापत्तर. चढता न्हाई. लिव."

महिनाभर जी बाई दुसऱ्यानं लावलेली भाडी एकेक दिवसानं कमी करत होती, तिनं हे भाडं आपण होऊन स्वतःवर घेतलं. तिचा पगार मला माहीत होता, पगारपत्रक मीच करायचो. मी म्हणालो, "अक्का, संघ देईल." त्या म्हणाल्या, "संघाच्या कंच्या खात्यात बसवता? असू द्या." दगडूनं वहीत लिहिलं, अक्कांनी वाचून सही केली आणि सहीपुढं वेळ टाकली. ट्रक तीन घरं घेऊन गेला. पारूनं मागं वळून पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर धुरळ्यात दिसलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी यंत्र चालू झालं. बँड नव्हता, पाहुणे नव्हते. भाऊसाहेबांनी स्वतः नारळ फोडला. आठ बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. दूध मापात ओतलं जात होतं आणि अक्का फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडं बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "झालं अक्का, आठ घरं राहिली." त्या म्हणाल्या, "पंधरा दिस आपन पितरांना दिले. त्यातले धा जरी दिले नसते, तर अकरा ऱ्हायली असती." त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. बैठकीत मान डोलावल्याची लाज मला आजही वाटते.

आठ घरांनी दगडूची उचल परत केली. खाड्याचे पैसे अक्कांनी पुढं वर्षभर फेडले. पुढच्या वर्षीच्या पितृपक्षात त्यांनी तो चमचा घेतला, आणि मग दरवर्षी ते सुरू झालं. तीनपैकी दोन घरं त्यांनी दोन-तीन वर्षांत म्हशी घेऊन देऊन परत वळवली. पारू काही वळली नाही. दर हंगामाला जात राहिली, तिची सून जात राहिली. अक्का निवृत्त झाल्या, नंतर मीही झालो आणि बीडला राहायला गेलो.

शेवटची भेट तेलगावच्या चौकात झाली. पितृपक्ष सरत आला होता. मी कुणाच्या तरी श्राद्धाला आलो होतो. समोरच्या भांड्याच्या दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते अक्का होत्या. पाठीत वाकल्या होत्या, चष्मा लागला होता, केस पांढरे झाले होते. थोटं बोट एका नव्या पाच लिटरच्या किटलीच्या काठावरून फिरवून बघत होत्या, कुठं गळत तर नाही ना. मला बघून म्हणाल्या, "सायेब, वाळलात. कवापसून?"

मी हसलो. म्हणालो, "यंदा किटली का अक्का? तुमच्याकडं कुठं म्हैस आहे?"

"मला न्हाई. पारूच्या सुनंला." त्यांनी पैसे मोजून दिले. दुकानदारानं पिशवी पुढं केली, ती घेतली नाही. "औंदा जात न्हाई म्हनली. मुकादमाला कळवून टाकलं तिनं. पारू बी हाय घरी, तिला आता हुत न्हाई."

त्यांचा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचारला. "दूध कधीपासून घालणार?"

"उद्यापसून. उद्या बाजारात म्हस घेते."

"उद्या सर्वपित्री अमावस्या आहे, अक्का."

"म्हनूनच तर. गिऱ्हाईक नसतंय, सस्तात पडती." धारूरची एस्टी चौकात येऊन थांबली. अक्का किटली छातीशी धरून चढल्या आणि खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्या मनगटावरच्या घड्याळात वेळ बघत होत्या.